बारमधला बारावा गडी

७ नोव्हेंबर २०२३ रोजी मी वानखेडेवर होतो.

हे वाक्य मी आजवर ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या वार्षिक सभेत आणि एकदा दातांच्या डॉक्टरकडे तोंडात कापूस असतानाही उच्चारलेलं आहे. नुसत्या तारखेवरून समोरच्याला काही उमगलं नाही, तर मी थोडा वेळ जाऊ देतो आणि सावकाश म्हणतो, "मॅक्सवेल." मग त्याचे डोळे मोठे होतात. "म्हणजे ती दोनशे एकची? तुम्ही होतात तिथे?" मी फक्त मान हलवतो. मोठ्या प्रसंगाबद्दल माणसाने कमीच बोलावं.

कमी बोलण्याला दुसरंही एक कारण आहे. त्या दिवशी मी वानखेडेवर होतो, हे खरं. त्या दिवशी ऑस्ट्रेलियाच्या मॅक्सवेलने वानखेडेवर नाबाद २०१ धावा केल्या, हेही खरं. पण ही दोन्ही सत्यं एकाच वेळी घडलेली नाहीत. त्यातल्या बहुतेक धावा झाल्या तेव्हा मी मैदानापासून सात-आठ मिनिटांच्या अंतरावर, एका परमिट रूममध्ये, मसाला पापडासमोर बसलो होतो.

आमच्या घराण्याला 'मी होतो' म्हणण्याची परंपरा आहे. वानखेडेवरची पहिली कसोटी झाली जानेवारी १९७५ मध्ये, वेस्ट इंडिजविरुद्ध. क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ केल्या. त्याचं द्विशतक झालं तेव्हा एक प्रेक्षक अभिनंदन करायला मैदानात धावला, पोलिसांनी त्याला बडवलं आणि स्टेडियम पेटून उठलं. "लॉइडच्या वेळी मी होतो," असं आमचे बाबा गेली पन्नास वर्षं सांगताहेत. तो प्रेक्षक कसा धावला, हे ते दिवाणखान्यात दोन पावलं धावून दाखवत. गुडघे गेल्यापासून हाताने दाखवतात.

आता त्या स्टेडियमविषयी. जगात स्टेडियमं बांधली जातात ती खेळासाठी. वानखेडे बांधलं गेलं ते तिकिटांच्या भांडणातून. त्याआधी मुंबईतले कसोटी सामने शेजारच्या ब्रेबॉर्नवर होत. ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, १९३७ सालचं. सामन्याच्या जागा कोणाला किती, यावरून क्लब आणि मुंबई क्रिकेट असोसिएशन यांची वर्षानुवर्षं धुसफूस चाले. शेवटी असोसिएशनचे अध्यक्ष बॅरिस्टर शेषराव वानखेडे यांनी ठरवलं की आता आपलं आपण बांधायचं. आर्किटेक्ट शशी प्रभूंनी वर्ष-सव्वा वर्षात ते उभंही करून दिलं. वाटणीवरून भांडलेल्या भावाने हाकेच्या अंतरावर स्वतःचं घर बांधावं, आणि तेही थोरल्यापेक्षा मोठं, असा हा अस्सल मराठी प्रकार. फरक इतकाच, की तिकिटांसाठी बांधलेल्या या स्टेडियमचंही तिकीट सामान्य माणसाला मिळत नाही. २०११ च्या विश्वचषकाआधी डागडुजी झाली आणि आसनसंख्या तेहतीस हजारांच्या आसपास आली. मुंबईत नुसत्या विरार फास्टमध्ये इतकी माणसं असावीत, अशी माझी एक जुनी शंका आहे.

मला तिकीट मिळालं ते मेहुण्यामुळे. विश्वचषकातला ऑस्ट्रेलिया विरुद्ध अफगाणिस्तान, मंगळवार, दुपारी दोनचा सामना. भारताचा सामना असता तर मेहुण्याने मला ओळख दाखवली नसती. पण हे दोन देश त्याच्या नात्यातले नसल्याने दुसरं तिकीट माझ्या वाट्याला आलं. "भाऊजी, ऑफिसला कळवा की पोट बिघडलंय," असा सल्लाही त्याने सोबत दिला. तो मी मानला.

आपल्याकडे कुठल्याही मोठ्या मैदानाच्या दारात माणसाची झडती होते आणि त्याच्याजवळचं सगळं आक्षेपार्ह ठरतं. पाण्याची बाटली आक्षेपार्ह, पॉवर बँक आक्षेपार्ह, टिफिन तर उघडउघड घातपाती. एका सामन्याला माझ्या खिशातली चिल्लर काढून ठेवायला लावली होती, का तर मी ती फेकून मारीन. पाच मिनिटांनी आत दोन कर्णधार सगळ्यांसमोर नाणं फेकताना पाहिले, त्यांना कोणी अडवलं नाही.

आत गेल्यावर आपण खेळाडू शोधतो. वरच्या मजल्यावरून खेळाडू साधारण बडीशेपेएवढे दिसतात. मग हळूहळू सगळं स्टेडियम एकच गोष्ट करू लागतं: मैदानावरची नजर काढून मोठ्या पडद्याकडे बघणं. घरातला टीव्ही सोडून, दोन गाड्या बदलून, झडती देऊन, उन्हात भाजून हजारो माणसं एकत्र येतात ती एक मोठा टीव्ही बघायला. तरीही जावंसं वाटतं. का, ते पुढे येईल.

अफगाणिस्तानच्या इब्राहिम झद्रानने नाबाद १२९ केल्या. विश्वचषकात शतक ठोकणारा त्यांचा तो पहिलाच फलंदाज. धावफलक २९१. नंतर ऑस्ट्रेलियाचा डाव सुरू झाला आणि लगेच संपायलाही लागला. एकोणिसावं षटक चालू असताना ७ बाद ९१. पावणेआठ वाजत आले होते. मेहुण्याने घड्याळ बघितलं, मी घड्याळ बघितलं, आणि आमची नजरानजर झाली.

मुंबईकराची निष्ठा दोन ठिकाणी वाटलेली असते. एक खेळावर आणि दुसरी लोकलवर. दोघींमध्ये तंटा झाला तर तो लोकलच्या बाजूने निकाल देतो. तो सिनेमात नायक-नायिकेचं जमलं की चपला शोधतो, लग्नात शेवटचं 'सावधान' कानावर पडायच्या आत पंगतीकडे सरकतो. तीस हजार माणसं एकदम चर्चगेटला येणार, त्याआधी आपण निघायला हवं, हे गणित आमच्या रक्तात आहे. चर्चगेटहून गाडी सुटते. तिथे खिडकी मिळते. खिडकीसाठी आम्ही काय काय सोडलंय, याची यादी केली तर तिच्यात एक विश्वचषकातला सामना जास्त झाला एवढंच.

"संपलं, भाऊजी," मेहुणा म्हणाला. "चला, बसूया."

इथे मराठी भाषेचा एक बारकावा सांगायला हवा. आम्ही तेव्हा बसलेलोच होतो. पण मराठीत 'बसणं' हे एक क्रियापद आहे आणि 'बसूया' ही एक घटना आहे. "रविवारी बसायचं का?" या प्रश्नातला रविवार, तो माणूस आणि ती खुर्ची यांचा परस्परसंबंध कुठल्याही शब्दकोशात दिलेला नाही, तरी प्रत्येक मराठी बायकोला तो अचूक कळतो. थोडक्यात, स्टेडियममध्ये आपण बसायचे पैसे देतो आणि दर चेंडूला उभे राहतो. खरं बसणं त्यानंतर असतं.

दक्षिण मुंबईत बसायच्या जागांची चढती भाजणी आहे. सगळ्यात वर पंचतारांकित हॉटेलांमधले पब. तिथे बिअरचा ग्लास इतका थंड आणि बिल इतकं गरम असतं की दोन्हींना नुसत्या हाताने स्पर्श करवत नाही. त्याखाली कुलाब्याची जुनी घराणी: १८७१ सालचं लिओपोल्ड, आणि भिंतींवर मारिओ मिरांडांची चित्रं असलेलं माँडेगार. मारिओंच्या चित्रांतली गर्दी आणि समोरच्या टेबलांवरची गर्दी यांत दुसऱ्या पिचरनंतर फरक करता येत नाही. या ठिकाणी परदेशी पाहुणे, कॉलेजची मुलं आणि वाट चुकलेले कवी बसतात. आणि सगळ्यांत खाली, म्हणजे पायाशी, ज्यावर हे सगळं शहर उभं आहे ती आपली परमिट रूम.

परमिट रूम म्हणजे काय, हे परगावच्या वाचकासाठी सांगतो. महाराष्ट्रात दारू मिळते ती १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली. हे वाक्य पुन्हा वाचायची गरज नाही, छपाईची चूक नाही. बंदी आली, पुढे ती सैल झाली, पण कायदा तसाच राहिला. त्यामुळे पिणाऱ्याने परवाना बाळगायचा असतो. विदेशी मद्याचा एक दिवसाचा परवाना पाच रुपये, वर्षाचा शंभर, आणि आजन्म परवाना हजार रुपये. ज्यांना आपल्या यकृताचा भरवसा आहे ते आजन्म घेतात. परवान्यामागचा हेतूही कागदोपत्री उदात्त आहे: प्रकृतीचं जतन. म्हणजे परमिट रूममधला प्रत्येक इसम सरकारच्या मते औषध घेत असतो. घरी मात्र हे पटवून देता येत नाही.

वयाची अटही आहे. बिअर आणि वाइनला एकवीस, व्हिस्कीसारख्या कडक गोष्टींना पंचवीस. सचिन तेंडुलकर सोळाव्या वर्षी पाकिस्तानात जाऊन वसीम आणि वकारला खेळला आणि तेविसाव्या वर्षी भारताचा कर्णधार झाला. आजच्या नियमाने मोजलं तर कर्णधार झाल्यानंतरही त्याला एका पेगसाठी दोन वर्षं थांबावं लागलं असतं. महाराष्ट्र सरकार देश कोणाच्याही हाती सोपवील, साठ मिलिलिटर सोपवणार नाही.

काही लोक म्हणतात, खेळासारख्या पवित्र गोष्टीचा आणि दारूचा संबंध जोडू नका. त्यांना इतिहास माहीत नाही. क्रिकेटचे नियम १७७४ साली सुधारून लिहिले गेले ते लंडनमध्ये, पॉल मॉल रस्त्यावरच्या 'स्टार अँड गार्टर' नावाच्या मद्यगृहात. पायचीतचा नियम पहिल्यांदा आला तो तिथे. चेंडू पायाला लागला नसता तर कुठे गेला असता, अशी वाक्यरचना शुद्धीवरच्या माणसाला सुचणंच शक्य नव्हतं. ज्याच्या नावाने लॉर्ड्सचं मैदान ओळखलं जातं तो थॉमस लॉर्ड दारूचाही व्यापारी होता. इंग्लंडची फुटबॉल संघटना १८६३ साली जन्मली तीही लंडनच्या 'फ्रीमेसन्स टॅव्हर्न'मध्ये. खेळ आणि बार यांची सोयरीक आपण जुळवलेली नाही. आपण त्या लग्नात फक्त मसाला पापड वाढला.

तर आम्ही आमच्या परमिट रूममध्ये शिरलो. नाव सांगत नाही, कारण पुढच्या वेळी मला तिथे जागा हवी आहे. आत इतपतच उजेड की समोरचा माणूस ओळखू यावा, पण बिल वाचता येऊ नये. गल्ल्यावर अण्णा, अण्णांच्या डोक्यावर तसबिरीतला बालाजी, बालाजीच्या डोक्यावर लाल दिवा. खाली नॉन-एसी, जिना चढून एसी. वर दर जास्त आणि खुर्च्यांना रेक्झिन. आम्ही पोट बिघडल्याच्या रजेवर होतो, त्यामुळे वर गेलो. आजाऱ्याने उकाड्यात बसू नये.

वेटरने न विचारता उकडलेले चणे, काकडी आणि शेव आणून ठेवली. तिथला वेटर ही मुंबईतली अखेरची स्मृतिसंस्था आहे. गेल्या खेपेला आपण काय घेतलं, सोडा किती घातला, कोणाबरोबर आलो होतो आणि त्याने पैसे दिले नव्हते, हे सगळं त्याला पाठ असतं, आणि यातलं काय बोलायचं नाही, हेही.

"संपली ना मॅच?" मेहुण्याने टीव्हीकडे पाठ करून खुर्ची ओढत विचारलं.

"चालू आहे, साहेब," वेटर म्हणाला. "तो मारतोय."

पहिला पेग होईपर्यंत आम्ही ऑस्ट्रेलियाच्या ऱ्हासाची कारणं शोधत होतो. दुसरा आला तेव्हा मॅक्सवेलचं अर्धशतक होऊन गेलं होतं आणि आम्ही अफगाणिस्तानच्या ऱ्हासाची कारणं शोधू लागलो होतो. मधे एकदा वेटर दार ढकलून आत आला आणि त्याच्याबरोबर एक आवाजही आत आला. लांबून, पण खोल. पावसाळी समुद्राची लाट कठड्यावर आपटते तसा. टीव्हीवर तर गोलंदाज अजून चेंडूला थुंकी लावायला बंदी असल्याने पँटला पुसत होता.

"कसला आवाज?" मी विचारलं.

"फोर गेला," वेटर म्हणाला, आणि प्लेट ठेवली. मग गोलंदाज धावला, मॅक्सवेलने मारलं आणि फोर गेला.

आम्ही वेटरकडे भक्तिभावाने पाहिलं.

त्यातलं शास्त्र मला नंतर कळलं. मैदानातली गर्जना आमच्या परमिट रूमपर्यंत यायची म्हणजे सहाशे-एक मीटर. आवाज हे अंतर दोनेक सेकंदांत तोडतो. टीव्हीवरचं चित्र मात्र मैदानातून निघतं, यंत्रांच्या रांगेत उभं राहतं, छत्तीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाला हात लावून परत येतं आणि पुन्हा कुठे कुठे थांबत आमच्या भिंतीवर पोचतं. म्हणजे आवाज फास्टने येतो आणि चित्र स्लोने. दोघे एकाच स्टेशनातून सुटलेले असतात, तरी आवाज घरी जाऊन जेवतो तेव्हा चित्र दादरला असतं.

आता यातला सामाजिक अन्याय बघा. ही गर्जना ऐकू येते ती खिडक्या उघड्या असलेल्यांना, म्हणजे खालच्या नॉन-एसीला. वरच्या एसीत काचा बंद. जास्त दर देऊन बसलेली माणसं अज्ञानात, आणि ज्ञान खाली, पंख्याखाली, पाच-सहा सेकंद आधी. हे आम्हाला ठाऊक नव्हतं. खाली खिडकीजवळ रोज बसणाऱ्या एका काकांना ठाऊक होतं.

काका साठीचे, पांढरा बुशशर्ट, खिशाला पेन. मेहुणा जिन्यावरून खाली बाथरूमला जात असता त्यांनी त्याला सहज हटकलं. "काय म्हणता, या बॉलला सिक्स?" मेहुणा म्हणाला, "छे!" काका म्हणाले, "एक प्लेट बोंबील?" मेहुणा म्हणाला, "लागली!" आणि सिक्स गेला. मेहुणा वर येऊन म्हणाला, "खाली एक जबरी जाणकार बसलाय." पुढच्या अर्ध्या तासात तो आणखी दोनदा बाथरूमला गेला आणि एकूण तीन प्लेट बोंबील हरला. चौथ्या वेळी मी बरोबर गेलो. काकांचा डावा कान खिडकीच्या गजांना जवळजवळ टेकलेला होता.

"हे चीटिंग आहे, काका!"

"चीटिंग कसली? मी लाइव्ह बघतोय. तुम्ही रेकॉर्डिंग बघताय," काका म्हणाले आणि बोंबील आमच्यापुढे सरकवले. "बसा. वर काय आहे? थंडी!"

आम्ही ग्लास उचलून खाली आलो. गेल्या कित्येक वर्षांत एवढं योग्य स्थलांतर मी केलेलं नाही. काकांनी आम्हाला आवाज वाचायला शिकवलं. चौकाराचा आवाज उसळतो आणि बसतो. षटकाराचा आवाज चेंडू वर असेपर्यंत ताणला जातो आणि मग फुटतो. विकेटचा आवाज एकदम येतो, दार आपटल्यासारखा. आणि झेल सुटला तर आवाज चढायला लागतो आणि मध्येच त्याची हवा जाते. "सगळ्यात चांगला तो," काका म्हणाले. "मगाशी हा तेहतिसावर असताना मुजीबच्या हातून कॅच पडला, तेव्हा टीव्हीवर बॉल वर जाताना बघून सगळे ओरडले, 'गेला!' मी म्हटलं, 'राहिला.' सगळे माझ्याकडे असे बघत होते, जसा काही मीच सोडला!"

मग मॅक्सवेलच्या पायात पेटके आले. तो खाली पडला. फिजिओ आला. सीमेपाशी पुढचा फलंदाज झॅम्पा पॅड बांधून तयार उभा. मॅक्सवेल उठला, पण आता त्याचे पाय हलेनात. जागेवर उभं राहून तो नुसते हात फिरवू लागला आणि चेंडू प्रेक्षकांत पडू लागले. समालोचकांना हे अद्भुत वाटत होतं. आमच्या परमिट रूमला त्यात नवीन काही नव्हतं. पाय हलत नाहीत, तोल जातोय, पण हात थांबत नाही, असा माणूस तिथे रोज साडेदहानंतर किमान एका टेबलावर असतो. फक्त त्याच्या नावावर द्विशतक लागत नाही.

आणि त्याच्यासमोर पॅट कमिन्स. अडुसष्ट चेंडूंत नाबाद १२. अशा माणसाचं कोणी कौतुक करत नाही, पण प्रत्येक मैफलीत तो असतो. एक लिंबू सोडा घेऊन रात्रभर बसतो, समोरच्याला म्हणतो "तू चालू ठेव, मी आहे," पडला तर उचलतो, आणि बिल सारखं वाटलं तरी कुरकुरत नाही. दोघांनी मिळून आठव्या विकेटसाठी २०२ धावांची अभंग भागी केली, त्यात कमिन्सचा वाटा तेवढाच. पण तो उठून गेला असता तर मैफल तिथेच मोडली असती. आमच्यातला कमिन्स कोण, म्हणून मी आजूबाजूला पाहिलं. मेहुणा माझ्याकडे पाहत होता. बिल मीच देणार, असं त्याच्या नजरेत स्पष्ट लिहिलेलं होतं.

"परत जाऊया का आत?" मी हळूच विचारलं. खिशात दोन तिकिटं होती. पण एकदा बाहेर पडलेल्याला पुन्हा प्रवेश नाही, हा मैदानाचा नियम आणि मनुष्यजन्माचा नियम एकच आहे. शिवाय आता कोणी जागचं हलायचं नाही, असा ठराव झाला होता. जो डाव्या कोपरावर रेलला होता त्याने रेलूनच राहायचं. वेटरने त्याच हाताने, त्याच बाजूने भरायचं. एका गृहस्थांना खरोखरच बाथरूमला जायचं होतं. त्यांना सत्तेचाळिसाव्या षटकापर्यंत धीर धरायला सांगण्यात आलं, आणि त्यांनी तो धरला. ऑस्ट्रेलियाचा विजय खिडकीजवळच्या त्या अनोळखी गृहस्थांचाही आहे.

सत्तेचाळिसाव्या षटकात मुजीब आला. काकांनी डोळे मिटले. पहिल्या चेंडूला बाहेर नुसती कुजबुज. मग ती ताणलेली, फुटणारी गर्जना. काकांनी टेबलावर ग्लासचं बूड आपटलं. आम्ही टीव्हीकडे वळलो, षटकार. पुन्हा गर्जना, पुन्हा ठक्, पुन्हा षटकार. मग उसळून बसणारा आवाज. "चार," काका म्हणाले. आणि मग असा आवाज आला की टेबलावरचे चणे हलले. आता काकांनी ग्लास आपटला नाही. ते उठून उभे राहिले. त्यांच्याबरोबर आम्ही वीस-बावीस माणसं उभी राहिलो, अण्णाही गल्ल्यावरून उठले, आणि टीव्हीवर तर मुजीब अजून धावायचाच होता. जे आम्हाला ठाऊक होतं ते त्याला ठाऊक नव्हतं. मग चेंडू वर गेला, आणि आम्ही दुसऱ्यांदा ओरडलो. एका षटकाराचा आनंद दोनदा घेतलेली मुंबईतली तेवढीच काय ती माणसं असू. मैदानातल्यांना तो एकदाच मिळाला.

अर्ध्या तासाने मैदानातली मंडळी आत येऊ लागली. घसे बसलेले, चेहरे उजळलेले. एक तरुण आमच्या टेबलाशी टेकला आणि मला म्हणाला, "अंकल, टीव्हीवर पाहिलंत ना? क्रॅम्प नक्की कुठे आला होता? आम्हाला लांबून काय दिसलंच नाही." मी त्याला सविस्तर समजावून सांगितलं. मग मी त्याला विचारलं, "आत कसं वाटत होतं रे?" तो बोलायला गेला आणि त्याला काही सांगताच येईना. नुसतेच दोन्ही हात हवेत पसरून उभा राहिला. माझ्यापाशी सामन्याचा सगळा तपशील होता आणि त्याच्यापाशी सामना होता. उन्हात भाजून, चिल्लर देऊन, बडीशेपेएवढी माणसं बघायला आपण का जातो, याचं उत्तर त्या पसरलेल्या हातांत होतं. आणि नंतर तो इथे आमच्यापाशी का आला, याचंही. घरी गेला असता तर ते हात दाखवायचे कोणाला?

बिल तिकिटापेक्षा बरंच जास्त झालं, कारण तिकीट फुकट होतं. त्यात बोंबिलाच्या तीन प्लेट होत्या, काकांनी एकीचे पैसे हट्टाने दिले. गाडीत खिडकी मिळाली नाही.

घरी गेलो तर बाबा जागे होते. बायकोला मी सांगू शकलो असतो, 'मी होतो.' पण बाबांपुढे खोटं बोलणं जमेना, त्यातून तोंडाला वास. सगळं सांगून टाकलं. सातवी विकेट, परमिट रूम, काका, खिडकी. बाबांनी शांतपणे ऐकलं. मग उठून दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "लॉइडच्या वेळी मी तरी कुठे आत होतो?"

"म्हणजे?"

"तिकीट मित्राचं होतं, तो आलाच नाही. इराण्याकडे बसलो होतो, चर्चगेटला. पानी कम चहा आणि ब्रुन मस्का. गल्ल्यावर ट्रान्झिस्टर होता. तो धावलेला माणूस मी नाही बघितला. पण त्याच्यामुळे मैदानातून पळत सुटलेली माणसं इराण्याच्या दारातून बघितली. त्यातला एक कसा पळत होता, ते मी दाखवतो तुम्हाला."

पन्नास वर्षं आम्ही ज्याला प्रेक्षक समजत होतो, तो पोलिसांना भिऊन चर्चगेटच्या दिशेने पळणारा कोणी गृहस्थ होता.

तेव्हा वाचकहो, अनुभवाचे बोल सांगतो. सातवी विकेट पडली तरी उठू नका. गाड्या रात्री एकपर्यंत असतात. आणि उठलातच, तर जवळच्याच परमिट रूममध्ये जा, पाच रुपयांचा परवाना काढा, एसीचा मोह टाळा आणि खिडकीजवळचं टेबल धरा. फक्त तिथे आधीच एक काका बसलेले असतील, त्यांच्याशी बोंबिलाची पैज लावू नका.